एका जुन्या तावेर्नाचे नवे रूप

गणपतीपुळ्याच्या समुद्रावर सायंकाळी भेटणारा परगावचा एखादा पाहुणा आम्हांला हटकून विचारतो, "काका, इथे बसायला कुठे आहे?" हा प्रश्न बाकड्यांविषयी नसतो, हे कळायला आम्हांला थोडा काळ लागला. देवळाचे गाव ते. डोंगरच गणपती मानलेला, म्हणून प्रदक्षिणा घालायची तर साऱ्या डोंगराला घालावी लागते. आरती झाली, मोदक खाऊन झाले, की गाव निजते. ज्यांना 'बसायचे' असते ते गाडी काढून दूर कुठल्याशा परमिट रूमकडे वळतात. परमिट रूम म्हणजे काय ते आमच्या वाचकांना सांगायला नको. काळी काच, जाड पडदा, भरदिवसाही लावलेला लाल दिवा, आणि आत शिरण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहणारा माणूस.

संपादकांनी या अंकासाठी आमच्याकडे पुस्तकाचे परीक्षण मागितले होते. त्याऐवजी आम्ही एका दारूच्या दुकानाचे परीक्षण पाठवीत आहोत. धर्मगुरूच्या लेखणीला हा विषय शोभतो की नाही, याचा निवाडा वाचकांनी शेवटपर्यंत वाचून करावा.

गेल्या एप्रिलमध्ये नात्यातल्या एका मुलीच्या प्रथम कम्युनियनसाठी आम्ही पणजीला गेलो होतो. रत्नागिरीहून करमळीपर्यंतचा हा प्रवास कोकण रेल्वेने १९९८ साली इतका सोपा करून टाकला की आता तो प्रवास वाटतच नाही. समारंभ आटोपल्यावर भाचा म्हणाला, "फादरमामा, चला, तुम्हांला एक जागा दाखवतो. तुमच्या ओळखीची आहे." तो आम्हांला फोन्तायन्यासमध्ये घेऊन गेला. ओरेमच्या खाडीलगतची ही वस्ती, झऱ्यावरून नाव पडलेली. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंतींची घरे, आणि कोपऱ्यावर संत सेबॅस्टियनचे छोटे देऊळ, ज्यातला क्रूस एके काळी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात टांगलेला होता. हल्ली या गल्ल्यांत राहणाऱ्यांपेक्षा छायाचित्रे काढणारेच अधिक दिसतात. एका घराच्या पायरीशी आम्ही थांबलो, आणि पायरी पाहताच जागा ओळखली.

सेमिनरीत शिकत असताना, तीसेक वर्षांपूर्वी, आमचे एक मामा आम्हांला याच पायरीवर पिशवी धरून उभे करीत आणि आत जात. तेव्हा तेथे अर्धे दार होते. वरून डोके दिसत नसे, खालून फक्त पाय दिसत. कोण कोणाच्या चपला ओळखतो यावर आतल्या माणसाची अब्रू अवलंबून असे. आत काय होते ते दार हलले की क्षणभर दिसे: लाकडी फळी, काचेच्या पोटफुग्या बरण्या, उकडलेली अंडी, आणि कोनाड्यात संत अंतोनीच्या पुढे लुकलुकणारा दिवा. गोव्यात अशा जागेला तावेर्न म्हणतात. पोर्तुगीज गेले १९६१ साली. तावेर्न राहिले, शब्दही राहिला.

त्या तावेर्नाचे आता नूतनीकरण झाले आहे. त्याचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही, कारण मालकाने आम्हांला पाहुणा म्हणून बसवले होते, परीक्षक म्हणून नव्हे. आणि पुढे जे बरेवाईट लिहिणार आहोत ते पाहुणचाराच्या बदल्यात देणे बरे दिसत नाही.

प्रथम जे चांगले ते. कालवाच्या शिंपल्यांची तावदाने असलेली खिडकी, जी आमच्या आठवणीत खिळे मारून बंद केलेली होती, ती उघडली आहे. भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा खरवडून चुना दिला आहे, त्यामुळे एप्रिलच्या उकाड्यातही आत बसवते. फळी तीच ठेवली आहे, कोपरे टेकून टेकून झिजलेली. ते अर्धे दार मात्र काढून भिंतीवर चौकटीत टांगले आहे, एखाद्या तसबिरीसारखे. आम्ही त्याकडे बराच वेळ पाहिले. ज्या वस्तूमागे दोन पिढ्यांनी तोंड लपवले ती वस्तू आता शोभेची झाली, यात थोडा विनोद आहे आणि थोडा न्यायही आहे.

अगदीच न पटणारी गोष्ट म्हणजे दिवे. छतापासून सोडलेला प्रत्येक दिवा एका घुमटाच्या आत बसवलेला आहे. घुमट म्हणजे मातीचे वाद्य. गोव्यातल्या गणपतीच्या आरतीलाही ते लागते आणि ख्रिस्ती घरातल्या मांड्यालाही लागते. दोन्ही धर्मांच्या घरी सारख्याच हक्काने वाजणारी अशी वाद्ये आपल्याकडे किती आहेत? घोरपडीच्या कातड्याला कायद्याने मनाई झाल्यावर ते हळूहळू मुके होत चालले होते. बोकडाच्या कातड्यावर ते पुन्हा उभे राहिले, आणि २०१९ साली गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. त्याच्या तोंडाचे कातडे काढून आत विजेचा दिवा बसवणे हे आम्हांला सजावटीपेक्षा जीभ कापण्यासारखे वाटले. भाच्याचे म्हणणे, "मामा, लोकांना निदान नाव तरी कळते." असेल.

टेबलावरच्या कार्डावर फेणीचा इतिहास छापला होता. त्यात काजूची फेणी 'हजारो वर्षांची परंपरा' म्हणून नोंदलेली पाहून आम्ही मालकाला हळूच सांगितले की काजूचे झाडच पोर्तुगिजांनी ब्राझीलहून सोळाव्या शतकात आणले. माडाची फेणी तिच्या आधीची मानली जाते. तो हसून म्हणाला, "फादर, पर्यटकांना हजार आवडतात." आम्हांला हे उत्तर आवडले नाही. जी गोष्ट खरी असूनही सुंदर आहे, तिला खोट्याचे कोंदण कशाला? बोंडे पिकून आपोआप गळतात, ती झाडावरून तोडायची नाहीत असा रिवाज आहे. खाली गोळा करून पायांनी तुडवतात. लगद्यातून ठिबकतो तो नीर, गोड, मुलांनीही प्यावा असा. उरलेला रस दोन-तीन दिवस आपल्या आपण आंबतो, मग भट्टीवर चढतो. पहिल्या धारेचा तो हुर्राक, सौम्य. तोच पुन्हा रसात मिसळून उतरवला की फेणी. हुर्राक फक्त मोसमात, फाल्गुनापासून वैशाखापर्यंत. पाऊस आला की संपला. एवढे छापले असते तरी कार्ड भरले असते.

आम्ही हुर्राकचा एक लहान पेला घेतला. कोणी भुवया उंचावतील, म्हणून आम्ही स्वतःच सांगून टाकतो. लिम्का, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून देतात. बोंडाचा तो उग्र, किंचित घशाला धरणारा वास त्यात लपत नाही, आणि लपू नये. एक पुरे झाला.

भाचा काही वर्षे इंग्लंडमध्ये नोकरीला होता. तो म्हणाला की तिथल्या लहान गावांतून जुन्या पबांचे असेच पुनरुज्जीवन चालते, आणि चांगल्या पबाची पारख तिथे पिंपातल्या एलवरून करतात. ही गोष्ट आम्हांला नवी होती, म्हणून खोदून विचारली. पिंपातली एल गाळून, तापवून निर्जीव केलेली नसते. कारखान्यातून निघताना तिच्यात किण्व जिवंत असते, आणि पबाच्या तळघरात पोचल्यावरही ती पिंपातच मुरत राहते. तळघराच्या माणसाने तिला निवू द्यायचे, मऊ लाकडाची खुंटी मारून आतला वायू हळूहळू जाऊ द्यायचा, अकरा ते तेरा अंश उष्णता राखायची, आणि हातपंपाने वर ओढायची. एकदा पिंप उघडले की दोन-तीन दिवसांत संपवावे लागते. नाहीतर ती उतरते. मोठ्या कंपन्यांनी सोयीसाठी ही पद्धत मोडीत काढायला घेतली, तेव्हा १९७१ साली चार तरुणांनी तिच्या रक्षणासाठी एक संघटना काढली, 'काम्रा' नावाची, ती आजही चालू आहे. पेयाच्या ताजेपणासाठी चळवळ उभारणारे लोक आम्हांला काहीसे गमतीदार वाटले. मग माडी आठवली, आणि गंमत उरली नाही.

माडी म्हणजे आपल्या किनाऱ्याचे जिवंत पेय. रत्नागिरीच्या भंडाऱ्यांनी आणि गोव्याच्या रेंदेरांनी पिढ्यान्‌पिढ्या माडावर सकाळ-संध्याकाळ चढून पोय बांधली, कोयतीने तिचा शेंडा कापला, आणि मडके टांगले. सकाळी उतरवलेली गोड, दुपारी फेसाळ, रात्री आंबट, दुसऱ्या दिवशी शिर्का. हिला तळघर नाही, खुंटी नाही. वेळ पाळणे एवढेच तिचे शास्त्र. आणि ती केवळ पिण्याची गोष्ट नव्हती. तिच्याविना सान्ना फुगत नसत, पोदेराचा पाव फुगत नसे, आणि विंदालूतला शिर्का तिचाच. आपल्या आज्यांच्या हातची चव आपण शोधत बसतो ती बहुतेक वेळा या माडीचीच चव असते. आता यीस्टच्या पुड्या आल्या. माडावर चढणारा माणूस मिळत नाही, आणि जो मिळतो त्याचा मुलगा चढणार नाही. इंग्लंडात जिवंत पेयासाठी संघटना निघाली. आपल्याकडे रेंदेरासाठी काय निघाले? त्या नूतनीकरण झालेल्या तावेर्नात माडी नव्हती. विचारले तेव्हा मालक म्हणाला, "ती टिकत नाही, फादर." हेच तर तिचे वैशिष्ट्य होते.

साडेआठला संगीत सुरू झाले. तिघेजण: गिटार, व्हायोलीन, आणि गाणारी एक तरुणी. गिटारवाल्याने पायाशी एक यंत्र ठेवले होते, त्यातून ढोलकाचा ठोका येत होता. डोक्यावर आठ घुमटे टांगलेली असताना ठोका यंत्रातून यावा, हे त्या संध्याकाळचे आमचे सर्वांत मोठे दुःख. पहिला अर्धा तास हिंदी चित्रपटातली गाणी झाली, कारण मागणी तीच होती. आवाज इतका मोठा की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. तावेर्न किंवा पब यांचे प्रयोजनच बोलणे हे आहे. पेय हे निमित्त. ज्या संगीताने बोलणे मारले त्याने जागाच मारली, असे आमचे मत आम्ही भाच्याच्या कानात ओरडून सांगितले.

मग मांडो झाला. व्हायोलीनवाला पन्नाशीचा, केस मागे वळवलेले, चर्चच्या गायनवृंदात वाढलेला असावा हे धनुष्य धरण्याच्या ढबीवरून कळत होते. त्याने यंत्र बंद करायला लावले. मांडो हे संथ गाणे. एकोणिसाव्या शतकात गोव्याच्या ख्रिस्ती वाड्यांतल्या दिवाणखान्यांत ते रुजले, दोन रांगांत समोरासमोर उभे राहून, पंखे आणि रुमाल हलवीत नाचायचे. प्रीती, विरह, कधी घरगुती तक्रार. पाश्चात्य स्वररचना आणि आपल्याकडची आर्तता यांचे असे निर्दोष लग्न क्वचित लागलेले असेल. तरुणीचा आवाज वरच्या सुरात किंचित पातळ होत होता. शब्द मात्र स्वच्छ, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ती व्हायोलीनला जागा सोडत होती. त्या चार मिनिटांत कोणी छायाचित्र काढले नाही. नियमाप्रमाणे मांडोनंतर दुलपद आले, जलद, खोडकर, आणि मग टेबलांवर बोटे वाजू लागली. एका म्हाताऱ्याने रिकाम्या डब्यावर ठेका धरला. घुमटाचे काम डब्याने केले.

तो म्हातारा आत नव्हता. तो पायरीवर बसला होता. याच जागेचा जुना गिऱ्हाईक, होडी रंगवणारा. आतले दर त्याला परवडत नाहीत. मालक भला माणूस. सकाळी दुकान झाडताना त्याला जुन्या दराने एक पेला देतो, आणि संध्याकाळी पायरीवर बसू देतो. भाच्याच्या मते ही उदारता. आम्हांला त्या पायरीवर पिशवी धरून उभे असलेले आम्हीच आठवलो. पूर्वी आत मामा आणि बाहेर आम्ही. आता आत आम्ही आणि बाहेर तो. नूतनीकरणाचे हिशेब मांडताना चुना, तावदाने, लाकूड सगळे धरले जाते. उठवून दिलेल्या माणसाचा रकाना त्यात नसतो. मालगुंडला केशवसुतांचे जुने घर जतन करून १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे स्मारक झाले. तेथे आम्ही पाहुण्यांना आवर्जून नेतो. तिथे आता कोणी राहत नाही, आणि त्याने काही बिघडत नाही, कारण कवी कवितेत राहतो. तावेर्न मात्र त्याच्या गिऱ्हाइकांतच राहते. त्यांना वगळून उरते ती खोली.

असे असूनही आम्ही त्या जागेच्या बाजूचे आहोत, आणि त्याचे कारण घरचे आहे.

आमच्या धर्मग्रामातील एका बाईचा नवरा मच्छीमार बोटीवर खलाशी होता. पगाराच्या दिवशी तो किनाऱ्यावरून सरळ पडद्यामागे जाई. बाईला तिथे आत शिरण्याची सोय नव्हती. गेली असती तर गावभर झाले असते. ती नऊ वर्षांच्या मुलाला पाठवी. मुलगा पडद्याच्या फटीतून "बाबा, आईने बोलावलंय" म्हणे, आणि पुन्हा बाहेर येऊन उभा राही. नवरा यकृताच्या आजाराने गेला. अंत्यविधीच्या वेळी त्या बाईंनी आम्हांला एकच मागितले: "फादर, वेदीवरून सांगा, ही दुकाने बंद करा."

आम्ही प्रवचन केले. दुकान चालू राहिले. पण त्या प्रवचनाने आमचेच समाधान झाले नाही, कारण आम्ही नेमके काय बंद करा म्हणत होतो ते आम्हांला ठाऊक नव्हते. दारू म्हणावी, तर मिस्साच्या वेदीवर द्राक्षारस आहे, काना गावच्या लग्नातले सहा रांजण आहेत, आणि संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीच्या चाळिसाव्या प्रकरणात संन्याशांनाही रोजचे एक माप काहीशा नाइलाजाने का होईना, मंजूर केले आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही धर्मविधीच्या द्राक्षारसाला वाट ठेवली. पण त्याच कायद्याच्या छायेत पिणे ही परवान्याची, पडद्याची, अंधाराची बाब झाली, आणि अंधारात मोजमाप राहत नाही. हे आम्ही कायद्याच्या हेतूला दोष देण्यासाठी म्हणत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेत वाढत्या गुत्त्यांविरुद्ध आवाज उठवला तो गरिबांच्या संसारासाठीच. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला सुधाकर आमच्या धर्मग्रामात आम्ही किमान चार वेळा पुरला आहे. परंतु मराठी साहित्याने दारूची बैठक बहुधा तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाच्या रूपातच पाहिली, जिथे सिंधू कधी येऊ शकत नाही. ती घरी दळण दळते. नाटकाची सगळी शोकांतिका आम्हांला आता त्या दोन जागांमधल्या अंतरात दिसते.

फोन्तायन्यासच्या त्या खोलीत बायका बसल्या होत्या. एक आजी नातीसह नीर पीत होती. शेजारच्या टेबलावर एका गृहस्थाने तिसरा पेला मागवला, तेव्हा त्याच्या पत्नीने पोऱ्याला नुसती मान हलवून नको म्हटले, आणि पोऱ्याने ऐकले. उघड्या खिडकीतून रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसाने त्या गृहस्थाला नावाने हाक मारली. हे सगळे अगदी साधे, कोणाच्या लक्षातही न येणारे. आमच्या खलाशाला यांतले एकही लाभले नव्हते.

आपल्या राज्यात अशी जागा निघेल का, हे आम्ही सांगू शकत नाही. रत्नागिरीत काजू उदंड. बी विकली जाते आणि बोंडे मे महिन्यात झाडाखाली कुजतात, माश्या घोंघावतात, वास साऱ्या वाडीला पुरतो. गोव्याच्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०१६ साली तिला 'देशी दारू'च्या यादीतून काढून वारशाचा दर्जा दिला गेला. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०२२ साली काजूबोंडांच्या आणि मोहाफुलांच्या मद्याला वरचा दर्जा द्यायचे ठरवले, तेव्हा त्याचे नाव ठेवले 'विदेशी मद्य'. आमच्या अंगणातल्या झाडाखाली पडलेले बोंड विदेशी कसे, हे कोणी तरी आम्हांला समजावून सांगावे.

परत आल्यावर आम्ही त्या बाईंना हे सारे सांगितले. त्यांच्यापासून लपवून हा लेख लिहिणे प्रशस्त वाटेना. दारूच्या दुकानाची स्तुती ऐकून त्या रागावतील अशी आमची तयारी होती. त्यांनी विळीवरून मान वर न करता विचारले, "बायका आत जातात?"

"जातात."

"आणि खिडकीतून दिसतं सगळं?"

"सगळं."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. नारळ खवून झाला. मग म्हणाल्या, "मग तो म्हातारा बाहेर कशाला?" याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आणि तसे आम्ही सांगितले. निघताना त्यांनी हाक मारून थांबवले. थोरल्या मुलाचे, त्याच नऊ वर्षांच्या मुलाचे, येत्या जानेवारीत लग्न आहे. तो व्हायोलीनवाला रत्नागिरीला येतो का, आणि किती घेतो, एवढे विचारून ठेवायला त्यांनी सांगितले आहे. भाच्याला फोन केला आहे. तो चौकशी करून कळवणार आहे.